शंभर नॅनोसेकंद टिकलेला रेणू: नागपुरातल्या एका सिकलसेल प्रोजेक्टचं प्रकरण

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या पहिल्या मसुद्यात, निष्कर्षाच्या पानावर असं वाक्य होतं: "सदर रेणू १०० नॅनोसेकंदांच्या संपूर्ण सिम्युलेशनमध्ये बंधनस्थळी स्थिर राहिला, त्यामुळे तो सिकलसेल आजारावर संभाव्य औषध ठरू शकतो." (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग.) सोबत रेणू मूळ जागेपासून किती सरकला याचा आलेख होता. त्यातली रेघ दोन अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) आसपास सपाट चालली होती.

अशा धाटणीची वाक्यं आज कितीतरी शोधनिबंधांत छापून येतात आणि ती लिहिणारी मुलं प्रामाणिक असतात. या वाक्याचाही पहिला अर्धा भाग खरा होता. दुसरा अर्धा मात्र पहिल्यातून निघत नव्हता. तो का निघत नव्हता हे आमच्या विभागात कसं उलगडत गेलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली नक्कल, आता कुठल्याही कॉलेजात करता येतं आणि त्याचा निकाल कसा वाचायचा हे मात्र फार कमी ठिकाणी शिकवलं जातं.

प्रश्न कुठून आला

नागपुरात सिकलसेल हा फक्त पाठ्यपुस्तकातला आजार नाही. 'मेडिकल' किंवा 'मेयो' या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत सकाळी थोडा वेळ थांबलं तरी गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडून आलेली, हातापायांच्या दुखण्याने पिळवटून गेलेली पोरं दिसतात. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. प्रोजेक्ट करणाऱ्या दोघींपैकी एक आरमोरीकडची. तिच्या धाकट्या भावाचा रिपोर्ट 'एसएस' आहे, म्हणजे त्याला हा आजार आहे. दुसरी वर्धेहून रोज अप-डाऊन करते आणि कॉम्प्युटरच्या कामात विभागात तिचा हात धरणारं कोणी नाही. विषय पहिलीने आणला, पद्धत दुसरीने.

आजाराचं मूळ एका अमिनो आम्लात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलिन येतं. १९४९ साली लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोग्यापेक्षा वेगळं सरकतं, आणि त्यांनी या आजाराला रेणूचा आजार म्हटलं. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी तो फरक नेमका एका अमिनो आम्लाचा असल्याचं दाखवलं. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो आणि त्याला पाणी मानवतं. व्हॅलिन तेलकट, पाण्यापासून अंग चोरणारं. हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन सुटला की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनवरच्या एका उथळ खळग्यात जाऊन बसतं. त्या खळग्याच्या भिंती ८५व्या जागचं फेनिलअलॅनिन आणि ८८व्या जागचं ल्युसिन यांच्या असतात. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असं करत चौदा पदरांचा दोर वळला जातो आणि तांबडी पेशी आतून ताठर होऊन विळ्यासारखी वाकते.

मुलींचा विचार सरळ होता. तो खळगा आधीच एखाद्या छोट्या रेणूने अडवला तर व्हॅलिन बसणार कुठे? विचार चांगला होता, आणि मी तसं म्हटलंही. रेणू निवडताना त्यांनी आपल्याकडच्या वनस्पतींमधली संयुगं घेतली. त्यात शिमग्याच्या सुमारास विदर्भभर फुलणाऱ्या पळसातलं एक फ्लेव्होनॉइड डॉकिंगमध्ये सगळ्यांत वर आलं. त्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की कोणीतरी त्याचा काढा करून आजारी पोरांच्या घरी विकायला जाईल, आणि त्या घरांना आधीच पुष्कळ जणांनी लुबाडलं आहे.

डॉकिंगबद्दल थोडक्यात. ही कॉम्प्युटरवरची पहिली चाळणी. तिथे प्रोटीन बहुतेक ताठ धरलेलं असतं, पाणी नसतंच, आणि छोटा रेणू निरनिराळ्या बाजूंनी बसवून बघून त्याला गुण दिले जातात. या गुणांमध्ये दोन-तीन किलोकॅलरींची चूक सहज असते. शरीराच्या तापमानाला बंधनऊर्जेत सुमारे १.४ किलोकॅलरींचा फरक पडला की पकड दहापट बदलते. म्हणजे डॉकिंगच्या यादीतला पहिला आणि विसावा यांच्यात खरा फरक असेलच असं नाही. म्हणून पुढची पायरी एमडी (मॉलेक्युलर डायनॅमिक्स), म्हणजे रेणूंच्या हालचालीच्या सिम्युलेशनची. तिथे प्रोटीन हलतं आणि पाणीही असतं.

न्यूटनचे नियम, पुन्हा पुन्हा

पद्धतीचा गाभा बारावीच्या मुलालाही कळावा असा आहे. प्रत्येक अणूवर इतर सगळ्या अणूंचं किती बल आहे ते काढायचं, त्यावरून त्वरण, त्वरणावरून दोन फेमटोसेकंदांनंतरची (फेमटोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) जागा. मग नव्या जागी पुन्हा बल. १०० नॅनोसेकंदांसाठी हे पाच कोटी वेळा. बल काढायची सूत्रं आणि त्यातले स्थिरांक यांच्या संचाला फोर्स फील्ड म्हणतात, आणि सिम्युलेशनची सगळी सचोटी त्या संचावर उभी असते.

१९५७ साली अमेरिकेत लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत बर्नी आल्डर आणि टॉम वेनराइट यांनी नुसते टणक गोळे एकमेकांवर आदळवून दाखवलं की आकर्षण अजिबात नसतानाही पुरेशा दाटीत असे गोळे स्फटिकासारखे रचले जातात. खऱ्या द्रवाचं पहिलं सिम्युलेशन १९६४ सालचं, आणि ते हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांचं. अमेरिकेतल्या आरगॉन (Argonne) नावाच्या प्रयोगशाळेतल्या सीडीसी ३६०० या यंत्रावर त्यांनी आर्गॉन या मूलद्रव्याचे ८६४ अणू ९४.४ केल्विनला हलवले.

तो निबंध मी मुलींना पहिल्याच आठवड्यात वाचायला दिला होता, आणि त्यातली एक गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. द्रवात अणू किती वेगाने पसरतात याचा आकडा रहमान यांनी काढला, तो प्रयोगातल्या आकड्याहून १५ टक्के कमी आला, आणि हे त्यांनी सारांशातच लिहून टाकलं. जे मोजता येतं त्याच्याशी ताडून बघायचं आणि फरक पडला तर पहिल्या परिच्छेदात सांगायचं, ही या शास्त्राची सुरुवातीपासूनची रीत आहे.

पुढचा प्रवास वेगाचा आहे. १९७१ मध्ये रहमान आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी पाण्याचे २१६ रेणू हलवले. १९७७ मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी पहिल्यांदा एका प्रोटीनची हालचाल मोजली, ५८ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रोटीनची, दहा पिकोसेकंदही (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) भरले नाहीत. २०१० मध्ये ॲन्टन नावाच्या, याच कामासाठी बांधलेल्या यंत्राने तेच प्रोटीन एक मिलिसेकंदभर हलवल्याचं प्रसिद्ध झालं. तेहतीस वर्षांत पल्ला दहा कोटी पटींनी वाढला. २०१३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मार्टिन कारप्लस, मायकेल लेव्हिट आणि आरिए वॉर्शेल यांना गुंतागुंतीच्या रासायनिक प्रणालींची बहुस्तरीय प्रतिमानं घडवल्याबद्दल मिळालं. तोवर गेम खेळायची ग्राफिक्स कार्डं या हिशेबात तरबेज झाली होती. त्या कार्डांमुळेच हे काम आमच्यापर्यंत पोचलं.

एक लाख अणू आणि नागपूरचा मे महिना

प्रोटीन डेटा बँकेत ऑक्सिजन सुटलेल्या सिकल हिमोग्लोबिनची २एचबीएस ही रचना आहे. तिच्यात दोन अख्खे हिमोग्लोबिन एकमेकांना लागून दिसतात आणि एकाचं व्हॅलिन दुसऱ्याच्या खळग्यात बसलेलं स्पष्ट दिसतं. मुलींनी त्यातलं एक हिमोग्लोबिन घेतलं. चार साखळ्या, ५७४ अमिनो आम्लं, चार हीम (लोह असलेले, ऑक्सिजन धरणारे भाग). भोवती शंभर अँगस्ट्रॉम बाजूचा पाण्याचा डबा. सगळे मिळून लाखाच्या घरात अणू. प्रोग्रॅम ग्रोमॅक्स, जो फुकट मिळतो. यंत्र म्हणजे विभागातला एक डेस्कटॉप आणि त्यात बसवलेलं गेमिंग कार्ड. दिवसाला पन्नास नॅनोसेकंदांच्या आसपास काम व्हायचं.

तयारीत एक जागा अशी होती की तिथे अडखळायला झालं आणि ते बरंच झालं. हिमोग्लोबिनमध्ये प्रत्येक हीममधल्या लोहाला प्रोटीनचं एक हिस्टिडीन (हेही अमिनो आम्लच) खालून धरून असतं. हा लोह-नायट्रोजन बंध प्रोग्रॅमला आपोआप ओळखू येईलच असं नसतं. शिवाय त्या हिस्टिडीनवरचा हायड्रोजन दोनपैकी कुठल्या नायट्रोजनवर ठेवायचा हेही सांगावं लागतं. सुरुवातीच्या एका चाचणीत चारपैकी एका हीमचा हा बंध जोडलाच गेला नव्हता. ऊर्जेचे आलेख व्यवस्थित होते, तापमान बरोबर, दाब बरोबर. वर्धेच्या मुलीने चित्र फिरवून बघताना "मॅडम, हे हीम तिरपं काऊन दिसून राहिलं?" म्हणून विचारलं, तेव्हा ते सापडलं. प्रोग्रॅमने कुठेही तक्रार केली नव्हती. सरासरीचे आकडे ठीक असताना आत रसायन चुकलेलं असू शकतं. म्हणून निदान सुरुवातीची आणि शेवटची चौकट (फ्रेम) डोळ्यांनी बघायचीच, हे मी आता प्रत्येक बॅचला बजावते.

बाकी अडचणी हवेच्या. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारी कार्ड तापून स्वतःच वेग कमी करतं. खोलीत कूलर लावला तर ओल, नाही लावला तर भट्टी. मग मुलींनी दिवसा विश्लेषण आणि रात्री रन, म्हणजे सिम्युलेशनची फेरी, असा पायंडा पाडला. वीज गेली तरी ग्रोमॅक्स दर पंधरा मिनिटांनी सगळी स्थिती फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे फार तर तेवढंच काम वाया जातं.

पहिला रन आणि नंतरचे

पहिला रन पूर्ण झाला आणि रेणू खळग्यात राहिला. मसुद्यातलं ते वाक्य या रनचं. आरमोरीच्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला पुढचं सांगणं जड गेलं, पण सांगावं लागलं. तोच डबा, तेच प्रोटीन, तोच रेणू. फक्त अणूंचे सुरुवातीचे वेग नव्याने, त्याच तापमानाच्या वाटणीतून काढायचे, आणि असे आणखी चार रन करायचे.

याचं कारण पद्धतीच्या पोटातच आहे. एक लाख अणूंच्या या गर्दीत सुरुवातीच्या वेगात सूक्ष्म फरक केला तरी काही पिकोसेकंदांत दोन रनांचे तपशील पूर्ण वेगळे होतात. सरासरी सारखी येईल, मार्ग सारखा येणार नाही. जामठ्याच्या स्टेडियमवरच्या एका इनिंगवरून फलंदाजाची सरासरी ठरत नाही, तसा एका मार्गावरून रेणूचा स्वभाव ठरत नाही.

पाच रनांचा निकाल असा आला. दोनांमध्ये रेणू शेवटपर्यंत राहिला. एकात पंचवीस नॅनोसेकंदांच्या सुमारास निघून गेला, एकात साठच्या सुमारास. पाचव्यात पंचाहत्तरच्या पुढेमागे तो खळगा सोडून बाजूच्या खाचेत सरकला आणि परत आला नाही.

निघून जाण्याचे प्रसंग आम्ही चौकट चौकट करून पाहिले. आधी पाण्याचे दोन-तीन रेणू कडेने, ल्युसिनच्या बाजूने आत घुसतात. फ्लेव्होनॉइडचं एक वलय उचललं जातं, दुसरं थोडा वेळ चिकटून राहतं. मग सगळा रेणू उलटतो आणि बघता बघता बाहेरच्या पाण्यात असतो. खळगा उथळ आहे, पृष्ठभागावर आहे, आणि पकडायला आत काही खोल नाही. डॉकिंगच्या ताठ, कोरड्या चित्रात हे दिसणं शक्यच नव्हतं.

"पण पहिला रन तर खरा आहे ना जी, मॅडम?" आरमोरीच्या मुलीने विचारलं. खरा होता. पाचांपैकी एक म्हणून खरा होता.

हिमोग्लोबिनवरचाच एक वाद

त्या आठवड्यात मी दोघींना दोन निबंध वाचायला दिले. दोन्ही ईलाइफ या नियतकालिकातले, तिथे ते मोफत मिळतात. २०१८ मध्ये एल हाज आणि सहकाऱ्यांनी, त्यांत स्वतः कारप्लस होते, असं मांडलं की ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचं सिम्युलेशन पाण्याचा डबा फार मोठा, १५० अँगस्ट्रॉम बाजूचा घेतला तरच बरोबर येतं. लहान डब्यांत प्रोटीन आपला आकार सोडून दुसऱ्या आकारात जातं. त्यावर व्हायटाउटास गॅपसिस आणि बर्ट डी ग्रूट यांनी उत्तर दिलं. त्यांनी प्रत्येक मापाच्या डब्यात पुष्कळ रन केले, आणि डब्याच्या मापाचा असा परिणाम दिसला नाही. कधी प्रोटीन लवकर आकार बदलतं, कधी उशिरा. एकेकच रन बघितला तर त्या योगायोगात नियम दिसू लागतो.

नोबेल मिळालेल्या माणसाच्या गटालाही हा प्रश्न चुकला नाही, हे कळल्यावर मुलींच्या मनावरचं ओझं बरंच उतरलं. त्यांचा आमचा विषयही एकच, हिमोग्लोबिन, त्यामुळे तो वाद दूरचा वाटला नाही. शास्त्रात वाद कसा घालावा याचा तो फार चांगला नमुना आहे. कोणी कोणाला खोटं म्हटलं नाही, मोजमाप वाढवलं.

टिकणं म्हणजे किती टिकणं

माझ्या मते या प्रकरणात सगळ्यांत शिकण्यासारखा भाग हा आहे, आणि तो कॉम्प्युटरवर नाही, वहीत करायचा आहे.

समजा, एखादा रेणू हिमोग्लोबिनला इतका सैल धरतो की एक मिलिमोलर इतकी सांद्रता (द्रावणातलं प्रमाण) असताना निम्म्याच जागा भरतात. औषधाच्या हिशेबात हे अगदी कमकुवत बंधन झालं. पाण्यात भेटीगाठी जास्तीत जास्त वेगाने होतात असं धरलं, म्हणजे दर मोलर दर सेकंदाला शंभर कोटींच्या घरात, तर सुटण्याचा वेग दर सेकंदाला दहा लाख निघतो. म्हणजे असा कमकुवत रेणूसुद्धा एकदा बसला की सरासरी एक मायक्रोसेकंद बसून राहतो. तो आमच्या रनच्या दहापट काळ झाला. भेटीचा वेग याहून कमी असेल, आणि प्रोटीनच्या बाबतीत तो बहुधा कमीच असतो, तर तेवढ्याच पकडीचा रेणू आणखी जास्त वेळ बसून राहील.

म्हणून १०० नॅनोसेकंद टिकणं ही परीक्षाच नाही. तीत जवळजवळ सगळे पास होतात. उलट एवढ्या थोड्या वेळात सुटून जाणं मात्र बरंच काही सांगतं. आमच्या पाच रनांत रेणू खळग्यात असलेला एकूण काळ ३६० नॅनोसेकंद, आणि सुटण्याचे प्रसंग तीन. सरासरी मुक्काम साधारण १२० नॅनोसेकंदांचा. वरचाच हिशेब उलटा लावला तर निम्म्या जागा भरायला सुमारे ८ मिलिमोलर सांद्रता लागेल, भेटीचा वेग कमी धरला तर त्याहूनही जास्त.

या आकड्यावर फार भार टाकायचा नाही. तीनच प्रसंग आहेत. आम्ही वापरलेलं टीआयपी३पी हे पाण्याचं प्रतिमान खऱ्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने पसरतं, त्यामुळे सिम्युलेशनमध्ये सगळ्याच गोष्टी थोड्या घाईने घडतात. आणि डॉकिंगने दिलेली बसण्याची तऱ्हाच चुकीची असेल तर रेणूचा दोष नाही, सुरुवातीचा आहे. या तिन्ही गोष्टी प्रबंधात लिहायला लावल्या. तरी दहाच्या घातातला अंदाज म्हणून तो आकडा ठेवण्यासारखा आहे, आणि सपाट आलेखाने जे सांगितल्याचा भास झाला होता त्याच्या तो बरोबर उलट्या बाजूला आहे.

फळ्यावरचं गणित

एक हिशेब तर प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीच करायला हवा, आणि आता आमच्याकडे तो होतो. हिमोग्लोबिन हे औषधासाठी इतकं अवघड लक्ष्य का आहे? कारण ते शरीरात प्रचंड आहे.

सिकलसेलच्या मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन दर डेसीलिटरला ८ ग्रॅम धरा, रक्त ५ लिटर. म्हणजे अंगात ४०० ग्रॅम हिमोग्लोबिन. एका मोलचं वजन सुमारे ६४,५०० ग्रॅम, म्हणजे झाले ६ मिलिमोलहून थोडे जास्त. आता आपल्या छोट्या रेणूचं रेणुवजन ३०० धरलं आणि प्रत्येक हिमोग्लोबिनवर एकच रेणू बसवायचा ठरवलं, तरी जवळजवळ २ ग्रॅम रेणू सतत, चोवीस तास, तांबड्या पेशींच्या आत असायला हवा. पोटातून शोषला जाऊन, यकृतातून वाचून, पेशीच्या पडद्यातून आत जाऊन. फ्लेव्होनॉइडांना यकृत फार वेळ तसंच राहू देत नाही, हे जीवरसायनाच्या पहिल्या वर्षाला शिकवतो.

हे अशक्य आहे असं नाही. व्हॉक्सेलोटर हे औषध हिमोग्लोबिनलाच धरण्याच्या वाटेने आलं. त्याला अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली आणि रोजचा डोस १५०० मिलिग्रॅम होता. म्हणजे फळ्यावरचं गणित तिथेही तसंच दिसतं. त्याने खळगा अडवला नाही. ते अल्फा साखळीच्या टोकाशी सुटू शकणारा रासायनिक बंध करून हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरलेल्या आकारात ठेवायचं, कारण त्या आकारात दोर वळलाच जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आलं. वेदनेचे झटके आणि मृत्यू यांची आकडेवारी बघता फायद्यापेक्षा धोका जास्त ठरला. रेणूच्या पातळीवर बरोबर बसलेली कल्पना माणसाच्या पातळीवर टिकेलच असं नसतं. आरमोरीच्या मुलीला हे सांगताना मी शब्द जपून वापरले, पण लपवलं काही नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आजही तिच्या भावासाठी खरा आधार आहे आणि तो नियमित घेणं कुठल्याही सिम्युलेशनपेक्षा महत्त्वाचं आहे, हेही सांगितलं.

व्हॉक्सेलोटरच्या उदाहरणात पद्धतीची आणखी एक मर्यादा आहे. नेहमीच्या फोर्स फील्डमध्ये रासायनिक बंध सुरुवातीला ठरवून दिलेले असतात. ते ताणतात, वाकतात, पण नवे जोडले जात नाहीत आणि जुने तुटत नाहीत. त्यामुळे असं औषध आमच्या डब्यात टाकलं असतं तर ते ज्या गोष्टीमुळे काम करतं तीच गोष्ट कधी घडली नसती. बंध घडण्याचा भाग क्वांटम पद्धतीने आणि बाकीचं प्रोटीन साध्या पद्धतीने, अशी सांगड वॉर्शेल आणि लेव्हिट यांनी १९७६ मध्ये घातली. २०१३ च्या नोबेलचा मोठा भाग त्या कामाचा आहे.

मग हे सिम्युलेशन करायचं कशासाठी

विभागात एका सहकाऱ्याने हा प्रश्न थेट विचारला, आणि प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं की प्रश्न सिम्युलेशनच्या पल्ल्यातला असेल तर दुसरं कुठलंही साधन एवढं जवळून दाखवत नाही. सिकल हिमोग्लोबिनचा दोर वळायला मिलिसेकंदांपासून सेकंदांपर्यंत, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तो दोर आमच्या डब्यात दिसणार नाही. पण ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आल्याने त्या एका सांध्याची ऊर्जा किती बदलते, हे काढता येतं. कारप्लस यांच्या गटाने १९९० मध्येच ते करून पाहिलं होतं, एका अमिनो आम्लाचं दुसऱ्यात हळूहळू, फक्त गणितात, रूपांतर करून. २०२० मध्ये करोनाच्या स्पाइक प्रोटीनवरचं साखरेचं आवरण कसं हलतं आणि प्रोटीनचा कुठला भाग उघडा राहतो, हे रोमी अमारो यांच्या गटाने दाखवलं, तेही या पद्धतीने. धातूत किरणांनी होणारी इजा, पेशीच्या पडद्यातून आयन कसे जातात, काच कशी थिजते, या सगळ्या ठिकाणी ती कामाची आहे. या सगळ्यांत प्रश्न आधी नेमका केलेला होता आणि तो त्या काळात, त्या मापात बसणारा होता.

मुलींच्या कामातूनही एक नेमकी गोष्ट निघालीच. सपाट, वलयांचे रेणू त्या खळग्यात का टिकत नाहीत, पाणी कुठल्या कडेने शिरतं, हे पाचही रनांच्या तुलनेतून दिसलं. त्या कडेला काहीतरी धरून ठेवणारा, वेगळ्या घडणीचा रेणू शोधायला हवा, ही त्यांच्या प्रबंधातली सूचना मला पहिल्या मसुद्यातल्या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त कामाची वाटते. प्रबंधात आता पाचही आलेख एकाच चौकटीत आहेत आणि सुटून गेलेले तीन सगळ्यांत गडद रंगात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच आकृतीवर सगळ्यांत जास्त वेळ प्रश्न विचारले.

पुढच्या बॅचने २एचबीएसमधली दोन्ही हिमोग्लोबिन एकत्र घ्यायची ठरवली आहेत, व्हॅलिन खळग्यात बसलेलं तसंच ठेवून. डबा मोठा, अणू अडीच-तीन लाख, आणि रन आधीपासूनच अनेक, वेगवेगळ्या सुरुवातींचे. तेवढं काम आमच्या डेस्कटॉपच्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून सुपरकॉम्प्युटरवर वेळ मागणारा अर्ज वर्धेची मुलगी लिहिते आहे. आरमोरीची मुलगी सिम्युलेशन सोडून प्रयोगाकडे वळली आहे. रक्तातून काढलेल्या हिमोग्लोबिनमध्ये डायथायोनाइट हे रसायन घातलं की ऑक्सिजन निघून जातो आणि सिकल नमुना गढूळ होतो. निदानाच्या सोल्युबिलिटी चाचणीत हेच वापरतात. छोटा रेणू घातल्यावर ती गढुळता कमी होते का, किंवा उशिरा येते का, हे तिला मोजायचं आहे. त्यासाठी रुग्णांच्या रक्ताचे नमुने लागतील, म्हणून एथिक्स कमिटीच्या परवानगीचे कागद तिने भरले आहेत आणि संमतीपत्र गोंडीतही असावं असा तिचा आग्रह आहे. ते भाषांतर सध्या चालू आहे.